‘मोजता येतं तिथे मेनी’, पण एवढ्यावर भागत नाही

रील्समधून आणि व्हॉट्सॲपवरून एक तक्ता फिरतोय: मोजता येतं तिथे ‘मेनी, फ्यू, फ्यूअर’, मोजता येत नाही तिथे ‘मच, लिटल, लेस’. खाली ठळक अक्षरांत ‘एवढं पाठ करा, इंग्रजी चुकणार नाही.’ पाठ जरूर करा, पण चुका टळतील या भरवशावर राहू नका.

पहिला घोळ ‘मोजता येतं’ यातच आहे. पैसे आपण मोजूनच घेतो, तरी इंग्रजीत ‘मच मनी’. टेबल-खुर्च्या मोजता येतात, पण ‘मेनी फर्निचर्स’ चालत नाही. प्रश्न वस्तूचा नाही, नामाचा आहे. मराठीत तरी वेगळं काय आहे? ‘तांदूळ संपले’, ‘पोहे झाले’ असं अनेकवचनात आपण बोलतोच, दाणे कोण मोजतंय? त्याच तांदळाचा भात झाला की एकवचनी! इंग्रजीत दोन्ही अवस्थांना एकच ‘राइस’, आणि तो ‘मच’वाला. आपले केस गळतात, तिकडे डोक्यावरचं ‘हेअर’ एकवचनी. आपल्या बातम्या दोन-चार असतात. ‘न्यूज’ शेवटी ‘स’ मिरवूनही एकवचनीच. ‘लगेज’ मात्र आपल्या सामानासारखं वागतं. आपण ‘दोन सामानं’ म्हणत नाही, ‘दोन डाग’ म्हणतो. तिथे ‘टू पीसेस ऑफ लगेज’. म्हणजे अडलं की नाम शब्दकोशात बघायचं. आणि तेही पक्कं नसतं: घरात ‘मच कॉफी’, हॉटेलात वेटरला ‘टू कॉफीज’.

दुसरा दावा: मोजता येणाऱ्या नामाबरोबर ‘लेस’ म्हणजे अडाणीपणा. पुरावा म्हणून सुपरमार्केटमधली ‘टेन आयटम्स ऑर लेस’ ही पाटी दाखवतात. ब्रिटनमध्ये टेस्कोने २००८ मध्ये अशा पाट्या बदलल्या हे खरं, पण लिहिलं काय? ‘अप टू टेन आयटम्स’. ‘फ्यूअर’च्या वाटेला गेलेच नाहीत! इंग्लंडमधल्या राजा आल्फ्रेडच्या नावावर असलेल्या नवव्या शतकातल्या भाषांतरातही ‘शब्दां’बरोबर ‘लेस’चंच जुनं रूप आहे. हा नियम ज्याच्यापर्यंत मागे नेता येतो, त्या रॉबर्ट बेकर या लेखकाने १७७० मध्ये ‘मला फ्यूअर जास्त बरं वाटतं’ अशा सुरात म्हटलं होतं. त्याच्या आवडीचा पुढे कायदा झाला. अंतर, वेळ आणि रक्कम यांना तर आजही ‘लेस’च लागतं: ‘लेस दॅन फाइव्ह किलोमीटर्स’. तिथे ‘फ्यूअर’ घातलं तर कानाला खटकतं. परीक्षेत मात्र ‘फ्यूअर बुक्स’च लिहा, तपासनीसाशी वाद घालण्यात गुण जातात.

‘अ लॉट ऑफ अशुद्ध आहे’ हे तर सोडूनच द्या. ते बोलीकडे झुकतं, इतकंच.

तक्त्यात खरी उणीव आहे ती ‘अ’ची. ‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ दोन्ही एकाच रकान्यात, अर्थ ‘थोडे’. ‘ही मेड फ्यू मिस्टेक्स’ म्हणजे पोराने फारशा चुका केल्या नाहीत, शाबासकी. ‘ही मेड अ फ्यू मिस्टेक्स’ म्हणजे काही चुका केल्याच आहेत, वही परत बघा.