‘हँगिंग ऑन द टेलिफोन’: नर्व्हज की ब्लाँडी?

ब्लाँडी या अमेरिकन बँडचं म्हणून मिरवणारं हे गाणं मुळात जॅक लीचं. 1976 साली त्याच्या द नर्व्हज या बँडनं ते चार गाण्यांच्या ईपीवर, म्हणजे अल्बमपेक्षा छोट्या रेकॉर्डवर आणलं, आणि ती ईपीही स्वतःच काढली. गिटारवर ली, बेसवर पीटर केस, ड्रम्सवर पॉल कॉलिन्स. बस्स, एवढीच माणसं. 1978 मध्ये ब्लाँडीनं ‘पॅरलल लाइन्स’ अल्बम याच गाण्यानं उघडला आणि ब्रिटनमध्ये ते पाचव्या क्रमांकापर्यंत चढलं.

माझ्या मते कव्हर, म्हणजे ब्लाँडीनं नव्यानं केलेली आवृत्ती, सरस आहे. पण त्याचं सगळं श्रेय ब्लाँडीची गायिका डेबी हॅरीच्या आवाजाला देतात, ते मला पटत नाही. आवाज जबरदस्त आहेच, पण गाणं उचललंय ते ब्लाँडीचा ड्रमर क्लेम बर्कनं. एकदा हेडफोन लावून दोन्ही रेकॉर्डिंग पाठोपाठ ऐका आणि शब्द सोडून फक्त ड्रम्सकडे कान द्या. कॉलिन्स ठेका धरून सरळ चालतो. बर्क ओळ संपता संपता फिल (ड्रम्सचा छोटा जोडतुकडा) मारतो, पुढच्या ओळीला अक्षरशः ढकलतो, आणि तरी लय तसूभर हलत नाही. निर्माता माइक चॅपमनची शिस्त इथे दिसते. गिटार दोन झाल्या, कीबोर्ड आला, तरी कुणी कुणाच्या पायात येत नाही.

सुरुवातीची फोनची रिंगही कव्हरमधलीच. नर्व्हजकडे ती नाही. तिथे गाणं थेट अंगावर येतं.

गंमत म्हणजे मूळ रचनेला ब्लाँडीनं फारसा हात लावलेला नाही, आणि तेच शहाणपण. या गाण्याला वेगळा कोरस, म्हणजे ध्रुवपद, नाही. कडव्याच्या शेवटी शीर्षकाची ओळ येते, की लगेच पुढचं कडवं. ओळी लांब, श्वासाला जागा कमी. फोनवर कुणाला तरी धरून ठेवायची धडपड या बांधणीतच आहे. लीच्या आवाजात ती जास्त खरी वाटते: किंचित चिरका, घाईतला, विनवणारा. हॅरी विनवत नाही, हुकूम सोडते. इथे मात्र माझं मत मूळ गाण्याला.

हे गाणं वाजवायला घेणारे बँड बहुतेकदा वेगात फसतात. मूळ गाणं दोन मिनिटांच्या आसपास संपतं, म्हणून ते सुसाट वाटतं. प्रत्यक्षात टेम्पो आवाक्यातला आहे. तो वाढवला की लांब ओळींतली अक्षरं एकमेकांवर चढतात आणि गायक शेवटचे शब्द गिळतो. आधी मेट्रोनोमवर (ठेका मोजणाऱ्या यंत्रावर) फक्त बेस, ड्रम्स आणि गायन बसवा. गिटार नंतर. फिल्स ओळींच्या मधल्या फटीतच मारा, शब्दांवर नाही. आणि लांबलचक सोलो घुसवू नका, कृपा करून! शेवटच्या ओळींपर्यंत दम कोंडून ठेवलेला असतो, तो मधेच सुटला की गाणं कोसळतं.

ज्यांनी फक्त ब्लाँडीचं ऐकलंय त्यांनी आज नर्व्हजची ती अख्खी ईपी ऐका. चारच गाणी आहेत.