अकरा रिक्त पदे

काल रात्री साडेदहाला माझ्या लॅपटॉपने ऑफिसच्या ग्रुपवर "चचचचचचच" असा संदेश पाठवला. मी नाही हो, लॅपटॉपने. साहेबांनी वर लिहिलं होतं, "शनिवारी सगळ्यांनी यावं लागेल," आणि त्याच्या बरोब्बर खाली माझ्या नावाने हे. दोन मिनिटांत साहेबांचा प्रश्न आला, "यात चुकचुकण्यासारखं काय आहे?"

मी लॅपटॉप पूर्ण मागे दुमडून, टॅबलेटसारखा हातात धरून पडल्या पडल्या वाचत होते. असा दुमडला की कीबोर्ड पाठीकडे जातो आणि उजव्या हाताची बोटं एंटरच्या आसपास टेकतात. इनस्क्रिप्ट या मराठी टायपिंगच्या कीबोर्डमध्ये एंटरला लागून ट आणि ट ला लागून च. म्हणजे करंगळीने एंटर आणि शेजारच्या बोटाने च, अशी नेमकी मोट बांधली गेली. शहाणा लॅपटॉप दुमडला की कीबोर्ड आपणहून बंद करतो. माझाही करायचा. मग मी तो पुसला.

का पुसला, यात फार शिरू नये. हळू चालत होता एवढंच. नव्याने विंडोज टाकताना पडद्यावर पाच पार्टिशनं, म्हणजे डिस्कचे कप्पे, दिसली. त्यातलं एक सोळा जीबीचं, रिकव्हरी नावाचं. मी कधी उघडलं नव्हतं, कधी काही ठेवलं नव्हतं, म्हणून माळ्यावरच्या खोक्यासारखं ते काढून टाकलं. पाचही उडवली. तो आनंद सुमारे वीस मिनिटं टिकला.

मग विंडोज म्हणालं, इंटरनेटला जोडा. जोडायला वायफाय हवं, वायफायला ड्रायव्हर हवा, ड्रायव्हर इंटरनेटवर. केबलने जोडावं तर लॅपटॉप इतका सडपातळ की केबलचं भोकच नाही. शेवटी फोन यूएसबीच्या वायरीने जोडला, फोनमध्ये टेदरिंग, म्हणजे फोनचं इंटरनेट लॅपटॉपला देणं, चालू केलं आणि लॅपटॉपने फोनलाच नेटवर्क कार्ड मानून घेतलं. हे जमलं तेव्हा मी एकटीच टाळ्या वाजवल्या. उजेड कमी करता येईना, त्यामुळे मध्यरात्री पडदा पेट्रोमॅक्ससारखा जळत होता. आवाज नाही, स्पर्श नाही, पडदा फिरत नाही. आतल्या यंत्रांची यादी दाखवणारा डिव्हाइस मॅनेजर उघडला तर पिवळे त्रिकोण. मोजले. अकरा.

दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरचे काका पेपर परत द्यायला आले. काकांची सगळी नोकरी एका सरकारी कचेरीच्या आस्थापना शाखेत गेली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण शाखा अजून त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. ते माझ्या खांद्यावरून डोकावले.

"हे पिवळं पिवळं काय गं?"

"ड्रायव्हर गेलेत, काका. म्हणजे यंत्र आत आहे, पण त्याच्याशी बोलायचं कसं, हे विंडोजला सांगणारं जे काही असतं ना..."

"थांब. यंत्र आहे?"

"आहे."

"जागेवर आहे?"

"आहे."

"काम?"

"करत नाही."

"मग पद मंजूर आहे, नेमणूक झालेली नाही. रिक्त पद म्हण की सरळ."

ड्रायव्हर म्हणजे काय हे मी आजवर बऱ्याच ठिकाणी वाचलंय. असं कोणी सांगितलं नव्हतं. पण कौतुक करायला सवड मिळाली नाही, कारण काका वर जाऊन लांबोडी वही घेऊन आले होते आणि पट्टीने रकाने आखत होते. अनुक्रमांक, पदनाम, शेरा.

"हं, सांग. पहिलं."

"पीसीआय सिंपल कम्युनिकेशन्स कंट्रोलर."

"सिंपल? साधा? पदनामात साधा लिहितात?" तरी लिहून घेतलं. "दुसरं."

"एसएम बस कंट्रोलर."

"वाहतूक." मी काही बोलले नाही.

"तिसरं, पीसीआय डेटा ॲक्विझिशन अँड सिग्नल प्रोसेसिंग कंट्रोलर."

काकांनी चष्मा काढला. "एवढं लांबलचक पदनाम, आणि त्या खुर्चीत माणूसच नाही! अगं, काम कसं चालायचं?" त्यांच्या आवाजात खरी कळकळ होती. पुढची सात पदं भराभर झाली. अकरावं आलं.

"अननोन डिव्हाइस."

"म्हणजे?"

"म्हणजे त्यालाच माहीत नाही ते काय आहे."

"पदनाम नसलेलं पद? कुणाच्या सहीने मंजूर झालं?"

मधेच त्यांचं बोट एका त्रिकोण नसलेल्या ओळीवर गेलं. "आणि हा कोण? हा भरलेला दिसतोय."

"तो मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॅप्टर. खरा ड्रायव्हर येईपर्यंत तात्पुरता. चित्र दाखवतो कसंबसं, पण उजेड कमी करता येत नाही त्याला."

"प्रभारी," काका समजुतीने म्हणाले. "प्रभारीच्या हातात काही नसतं गं. सह्या करायच्या आणि बसायचं."

मग मी त्यांना दाखवलं की प्रत्येक पदाची खरी ओळख पोटात लिहिलेली असते. ओळीवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, तिथे आधी कोड २८ दिसतो, म्हणजे ड्रायव्हर बसवलेलाच नाही. पुढे डीटेल्समध्ये हार्डवेअर आयडी. त्यात व्हीईएन म्हणून चार आकडे-अक्षरं, ती बनवणाऱ्या कंपनीची, आणि डीईव्ही म्हणून चार, ती त्या यंत्राची. इंटेलच्या मालावर व्हीईएन ८०८६ असतं. १९७८ साली त्यांनी काढलेल्या प्रोसेसरचा हा आकडा, तोच ओळख म्हणून मिरवतात. हा आयडी शोधला की अनोळखी यंत्राचंही नाव सापडतं. काकांना हे फार आवडलं. ते मोठ्याने वाचायला लागले.

"व्हेन ८०८६. देव ९, डी, एफ, सी."

"देव नाही काका, डीईव्ही."

"तेच. देव ९डीएफसी. हा कोण?"

शोधलं. सेन्सर हब निघाला. लॅपटॉप कसा धरलाय, आडवा की उभा, हे ज्याला कळतं तो. "देवालाच कळणार," काका म्हणाले आणि शेऱ्यात लिहून मोकळे.

ड्रायव्हर कंपनीच्या साइटवर असतात. पण एकाच नावाखाली कंपनीने लॅपटॉपच्या इतक्या आवृत्त्या काढल्या होत्या की साइट म्हणाली, सिरियल नंबर द्या. तो लॅपटॉपच्या पोटाखाली, मुंगीने लिहिल्यासारख्या अक्षरात. लॅपटॉप उलटा करावा तर पडदा दिसत नाही आणि टाइप करता येत नाही. काका म्हणाले, "तंबू कर." खरंच, या लॅपटॉपची तंबूसारखी घडी होते. मी केली. पण तंबू केला की पोट आतल्या बाजूला जातं. मग माझे वडीलधारे शेजारी टेबलावर आडवा गाल टेकवून, एका हातात टॉर्च आणि दुसऱ्या हातात भिंग घेऊन, तंबूत डोकावून नंबर सांगायला लागले.

"पाच. नाही, एस. एस फॉर सदाशिव. पुढे शून्य."

"शून्य की ओ?"

"गोल आहे."

"काका, दोन्ही गोल असतात."

"हा जरा उपाशी गोल आहे."

उपाशी म्हणजे शून्य, हे चार वेळा चुकल्यावर कळलं. साइट दर वेळी म्हणायची की असं उत्पादनच अस्तित्वात नाही. ज्याच्यावर काकांचा गाल टेकला होता, ते उत्पादन.

आकडा जमला आणि यादी आली. इथे एक गोष्ट मी आपटी खाऊन शिकले, ती अशी की ड्रायव्हर वाटेल त्या क्रमाने टाकून चालत नाही. आधी चिपसेट, म्हणजे मुख्य बोर्डावरच्या चिपांचा. मग सिरियल आयओ, कारण टचस्क्रीन आणि टचपॅड ज्या आयटूसी नावाच्या वाटेने बोलतात ती वाट तो उघडतो. ती बंद असताना स्पर्शाचा ड्रायव्हर कितीही वेळा टाका, तो इन्स्टॉल झालो म्हणतो आणि पडदा ढिम्म. काकांना यात नवल वाटलं नाही. "आधी शिपाई, मग साहेब," म्हणाले. "दार कोण उघडणार?"

चिपसेट बसला आणि काकांनी त्याची तारीख पाहिली. १८ जुलै १९६८.

"अगं, हे काय टाकलंस? पन्नासहून जास्त वर्षांपूर्वीचं?"

मी समजावलं की ती खरी तारीख नाही. इंटेल त्या दिवशी स्थापन झाली. ही फाइल यंत्राची नुसती ओळख करून देते, म्हणून तिच्यावर मुद्दाम जुनी तारीख घालतात. म्हणजे त्याच यंत्राचा दुसरा नेमका ड्रायव्हर असेल तर तिने त्याच्या जागेवर बसू नये. मायक्रोसॉफ्टचंही तसंच. विंडोजसोबत येणाऱ्या त्यांच्या कितीतरी ड्रायव्हरांवर २१ जून २००६ असते, कितीही नवे असले तरी. दोन सारखेच लायक ड्रायव्हर समोर आले की विंडोज ज्याची तारीख नवी त्याला घेतं.

"म्हणजे इथे ज्येष्ठाला मागे सारतात?"

"हो."

"मुद्दाम?"

"हो, काका."

काकांनी पेनाला टोपण लावलं आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले. मी चहा विचारला, तर नको म्हणाले.

त्या शांततेत मी घोळ घातला. सेन्सर हबचा ड्रायव्हर माझ्या आवृत्तीच्या यादीत दिसेना, म्हणून शेजारच्या आवृत्तीचा उचलून टाकला. पडदा गर्रकन फिरला आणि उलटा झाला. मी लॅपटॉप उलटा धरला तर तो पुन्हा फिरला आणि पुन्हा उलटा. आडवा धरला तर भलत्या बाजूला आडवा. त्या आवृत्तीत सेन्सर बहुधा वेगळ्या दिशेने बसवलेला असावा. त्यामुळे माझ्या लॅपटॉपला जमीन वर आणि आकाश खाली आहे अशी ठाम खात्री पटली. कुत्र्याचं शेपूट परवडलं, ते निदान एकाच बाजूला वाकडं असतं. माउस डावीकडे नेला की बाण उजवीकडे. तो ड्रायव्हर काढायला मला पाऊण तास लागला. त्या वेळात काका मान वाकडी करून "अजून वर, वर म्हणजे खाली" असं सांगत होते.

बरेचसे ड्रायव्हर शेवटी विंडोज अपडेटमध्येच निघाले. अपडेट, त्यात ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, त्यात ऑप्शनल अपडेट्स, त्यात ड्रायव्हर्स. सहा जण तिथे घोंगडी पांघरून बसलेले. ऑप्शनल! माझ्या आवाजाला, माझ्या स्पर्शाला ऑप्शनल म्हणणारे हे कोण? चार कंपनीच्या साइटवरून मिळाले. सेन्सर हबचा खरा ड्रायव्हर त्यांतच, भलत्याच सदराखाली होता. पडदा आता शहाण्यासारखा फिरतो.

अकरावा नाही. अकरावा म्हणजे तो बिनपदनामाचा. आयडी शोधल्यावर कळलं की लॅपटॉप दुमडलाय हे ओळखून कीबोर्ड गप्प करणारा तोच. साइटवर त्याच्या जागी एक ओळ आहे, की या ऑपरेटिंग सिस्टीमसाठी ड्रायव्हर उपलब्ध नाही. मदतकेंद्राला फोन केला. पलीकडच्या मुलाने विनम्रपणे विचारलं की मॅडम, तुमच्याकडे मूळ रिकव्हरी पार्टिशन आहे का, कंपनीचे मूळ ड्रायव्हर त्यातच असतात. मी विनम्रपणे फोन ठेवला.

आता खरं सांगते, मला राग पार्टिशन उडवल्याचा नाही. म्हणजे आहे, पण तो माझा मी बघून घेईन. मी जास्तीचे पैसे मोजले ते बिजागरीचे. तीनशे साठ अंश फिरणारी बिजागरी. ती अजून लोण्यासारखी फिरते. फक्त आपण फिरलोय हे तिला कळत नाही, कारण ते कळणं एका फाइलमध्ये आहे, ती फाइल कुणाच्या तरी सर्व्हरवर होती आणि एके दिवशी जागा झाडताना त्यांनी काढून टाकली. मी सोळा जीबी उडवले तर मी मूर्ख. त्यांनी उडवलं तर त्याला सपोर्टचा कालावधी संपला म्हणतात. फाइल दुसरीकडे शोधावी तर प्रत्येक पानावर डाउनलोड लिहिलेली सहा हिरवी बटणं, त्यांतलं खरं एक, तेही करड्या रंगाचं. एकाने तर माझा लॅपटॉप न बघताच एकोणचाळीस ड्रायव्हर जुने झाल्याचं सांगून पैसे मागितले. माझ्याकडे एकूण जागाच अकरा होत्या!

आणि हे सगळं टाळायला एक ओळ पुरली असती. पुसण्याआधी एक रिकामं फोल्डर करायचं, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडायचा, पीएनपीयुटिल ही आज्ञा द्यायची, पुढे एक्सपोर्ट ड्रायव्हर, एक तारा आणि त्या फोल्डरचा पत्ता. बाहेरून आलेले सगळे ड्रायव्हर मुकाट त्यात येऊन बसतात. ते फोल्डर पेनड्राइव्हवर टाकलं की झालं. हे मला माझ्या भाच्याने सांगितलं. पुसल्यावर. "मावशी, तुला माहीत नव्हतं?" असं विचारून.

काकांना वहीत अकरावा रकाना मोकळा बघवेना. त्यांनी तोडगा काढला, त्या ओळीवर राइट क्लिक करून डिसेबल कर, म्हणजे त्रिकोण जाईल. खरंच जातो. त्रिकोणाच्या जागी छोटा खाली वळलेला बाण येतो. "पद निरसित," काका समाधानाने म्हणाले. "यादी स्वच्छ." मी परत एनेबल केलं. ते म्हणाले, हट्टी आहेस. असू दे. मला तो त्रिकोण तिथे दिसायला हवा आहे.

साहेबांना सकाळी लिहिलं की ते च माझे नव्हते, बिजागरीचा ड्रायव्हर मिळालेला नाही. त्यांनी नुसता अंगठा पाठवला. शनिवारी जायचंच आहे.

दुमडून वाचताना मी आता कीबोर्डवर पुठ्ठा धरते. पुठ्ठा काकांच्या वहीचा आहे, मागचा. आज सकाळी त्यांनी तो परत मागितला.