आबुराव आठवतो का कुणाला?

रात्रीचे साडेअकरा वाजले आहेत, उद्या सकाळी लवकर उठायचे आहे, तरी हे लिहिल्याशिवाय मला झोप लागणार नाही. आज जुन्या मराठी चित्रपटगीतांच्या एका कार्यक्रमाला गेलो होतो. मध्यंतरानंतर एक तरुण साडी नेसून, टोप चढवून 'अशी ही बनवाबनवी'मधली लक्ष्याची, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डेची, पार्वती होऊन आला आणि खोटे कशाला बोलू, पोराने काम बरे केले. माझा राग त्याच्यावर नाही. तो आत गेल्यावर निवेदकाने जे वाक्य फेकले, त्यावर आहे. लक्ष्या म्हणजे हसवण्याचे यंत्र, गंभीर भूमिका हा काही त्याचा प्रांत नव्हता, असे ते गृहस्थ म्हणाले, आणि सभागृहाने त्यावर टाळ्या वाजवल्या.

निदान सोलापुरात तरी हे वाक्य कुणी उच्चारू नये. 'एक होता विदूषक' दिग्दर्शित करणारे जब्बार पटेल याच गावात, हरिभाई देवकरण प्रशालेत शिकले. पु. ल. देशपांडे यांची पटकथा, महानोरांची गाणी, आनंद मोडक यांचे संगीत, आणि या सगळ्याच्या मध्यभागी आबुराव म्हणून उभा असलेला लक्ष्मीकांत बेर्डे. 1992 सालचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्या चित्रपटाला मिळाला. प्रांत नव्हता म्हणे!

तो चित्रपट मी अण्णांबरोबर, म्हणजे माझ्या वडिलांबरोबर पाहिला. 1993 चा उन्हाळा असावा; मी कॉलेजात होतो आणि अण्णा मिलच्या साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या मागांवर, होते. आमच्या चाळीच्या गणपतीत दरवर्षी वगनाट्य होत असे आणि त्यातल्या गौळणीतली मावशी, म्हणजे पुरुषाने साडी नेसून करायची विनोदी बाई, अण्णांची असे. साचेखात्यातल्या खडखडाटात आठ तास उभा राहिलेला माणूस रात्री पदर खोचून उभा राहिला, की समोरच्या बाया डोळे पुसेपर्यंत हसत. त्यामुळे लक्ष्याविषयी बोलताना अण्णा नेहमी म्हणत, "हा आपल्या धंद्यातला माणूस आहे." पार्वतीची भूमिकाही त्यांनी मला त्याच नजरेने पाहायला शिकवली. साडी कोणीही नेसतो, पण साडी नेसलेल्या माणसाला आपण आत्ता पकडले जाऊ ही भीती खरोखर वाटत असेल तरच समोरचा हसतो, नाहीतर ते नुसते सोंग होते, असे त्यांचे म्हणणे. आजच्या मुलाने साडी उचलली, आवाज उचलला; ती भीती मात्र त्याच्या हाती लागली नाही.

'झपाटलेला'विषयीही माझे हेच मत आहे. तात्या विंचूचे कौतुक सगळे करतात, आणि ते करावेच, कारण रामदास पाध्ये यांचा बाहुला आणि दिलीप प्रभावळकरांचा आवाज हे दोन्ही अस्सल आहेत. परंतु त्या बाहुल्याकडे बघून लक्ष्याच्या डोळ्यांत जी भीती उतरते, ती नसती तर तो बाहुला जत्रेतल्या खेळण्याएवढाच राहिला असता.

पुन्हा त्या थिएटरात येतो. आम्ही हसायला गेलो होतो, सगळेच हसायला आले होते. पडद्यावर तमाशातल्या बाईचा मुलगा आधी सोंगाड्या झाला, मग सिनेमाचा नट झाला, मग राजकारणवाल्यांच्या हाती लागला. आणि अख्खा फड हसवणाऱ्या त्या माणसाची स्वतःची मुलगी मात्र हसेना. (जब्बार पटेल मुळात लहान मुलांचे डॉक्टर, हे मला फार नंतर कळले आणि तेव्हापासून ती मुलगी माझ्या मनातून जात नाही.) लक्ष्या त्या मुलीसमोर चेहरा घेऊन उभा राहिला, तो नेहमीचाच चेहरा, आणि थिएटरात कुणीतरी फिस्सकन हसले. अण्णा मान न वळवता म्हणाले, "हसायलास काय बे? ऐक की जरा."

चित्रपट संथ आहे, हे मान्य. लक्ष्यानेही पुढे एकाच साच्याचे चित्रपट ढिगाने केले आणि त्यांतले बरेचसे आज बघवत नाहीत, हेही नाइलाजाने मान्य करतो. पण तो साचा कुणी दिला? 'मैंने प्यार किया' आणि 'हम आपके हैं कौन' यांमध्ये हिंदीने त्याला नायकाचा मित्र आणि घरचा नोकर केले, म्हणून आपण हिंदीवाल्यांना नावे ठेवतो. आपण काय वेगळे केले? आबुरावाकडे पाठ फिरवली आणि पुढच्या चित्रपटाच्या तिकिटाच्या रांगेत उभे राहून पुन्हा तेच मागितले. 16 डिसेंबर 2004 रोजी तो गेला तेव्हा जेमतेम पन्नास वर्षांचा होता. वाहिन्यांनी त्या आठवड्यातही त्याचे विनोदी प्रसंगच दाखवले, आणि मी ते बघत बसलो.

लिहायलाच बसलो आहे तर एक गोष्ट लपवून ठेवण्यात अर्थ नाही. थिएटरात जो फिस्सकन हसला, तो मीच. अण्णांनी मान वळवली नाही, कारण वळवण्याची गरजच नव्हती. मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर होतो. त्याच्या आदल्या वर्षी आजी वारली होती. तेराव्याच्या पंगतीत कुणीतरी पाहुणा म्हणाला होता, "अण्णा, मावशीचा आवाज काढा की, पोरं कंटाळलीत." अण्णांनी भाताचे पातेले खाली ठेवून आवाज काढला होता आणि पंगत हसली होती. मीही हसलो होतो. आबुराव पाहून परतताना पार्क चौकापर्यंत आम्ही दोघे चालत आलो, पण अण्णा एक शब्द बोलले नाहीत आणि मला कशाविषयी बोलावे हे कळले नाही.

निवेदकावर आता तेवढा राग उरलेला नाही. त्याला आबुराव ठाऊक नसेल. मला ठाऊक होता.

कार्यक्रम संपल्यावर पार्वती झालेला तो मुलगा पायऱ्यांवर बसला होता. टोप काढून मांडीवर ठेवला होता, कपाळावरून घाम निथळत होता, आणि भोवतालची मंडळी फोन पुढे करून "एकदा आवाज काढ की" म्हणत होती. त्याला आबुरावाविषयी सांगावे, एकदा तो चित्रपट बघ म्हणावे, अशा विचाराने मी जवळ गेलो. मी तोंड उघडण्याच्या आतच त्याने माझ्याकडे बघून हात जोडले, मान वेळावली आणि पार्वतीचा आवाज काढला. मी हसलो.