वजनकाट्यावरची काळी भुकटी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. कार्बन नॅनोट्यूबच्या, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म पोकळ नलिकांच्या, धोक्यावर मी लिहिलेल्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. कार्बन नॅनोट्यूबमुळे एकाही माणसाला कर्करोग झाल्याची नोंद नसताना मी भीती पसरवतो, माझे पुरावे म्हणजे उंदरांच्या पोटात सुई टोचून केलेले प्रयोग, आणि आपल्या वूट्झ या जुन्या भारतीय पोलादाच्या तलवारीत याच नलिका सापडल्या तरी त्यापायी कोण मेलं, असं तुम्ही विचारलंय. शिवाय तुमची मुलगी याच विषयात पीएच.डी. करते आणि माझा लेख वाचून आजीने तिला काम सोडायला सांगितलं, हेही लिहिलंय. ते वाचून मला वाईट वाटलं.

एक गोष्ट आधी मान्य करतो. त्या लेखाच्या शीर्षकात या नलिकांना 'नवं ॲस्बेस्टॉस' (ॲस्बेस्टॉस म्हणजे श्वासातून गेल्यास कर्करोग करणारं तंतुमय खनिज) म्हणणं चूक होतं, ते बदललंय. या नलिका एकपदरी असतात, बहुपदरी असतात, आखूड, लांब, ताठ, गुंतवळासारख्या. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2014 मध्ये त्यातल्या एकाच प्रकाराला, एमडब्ल्यूएनटी-7 या ताठ बहुपदरी नलिकेला, 'कर्करोगकारक असण्याची शक्यता' असलेल्या गटात घातलं. बाकीच्यांबद्दल पुरावा अपुरा म्हणून निर्णय दिला नाही.

तलवारीचं म्हणाल, तर 2006 मध्ये जर्मन शास्त्रज्ञांना त्या नलिका दिसल्या त्या वूट्झपासून घडवलेल्या दमास्कस तलवारीचा तुकडा आम्लात विरघळवल्यावर. पोलादात जखडलेली नलिका कुणाच्या श्वासात जात नाही. मोबाइलच्या बॅटरीतही त्या असू शकतात, त्याचीही भीती नको. फुप्फुसाला धोका हवेत उडणाऱ्या कोरड्या भुकटीचा.

उंदरांचा प्रयोग 2008 चा, एडिंबरा इथल्या शास्त्रज्ञांचा. पोटच का? कारण पोटाच्या पोकळीचं अस्तर आणि फुप्फुसाभोवतीचं आवरण एकाच जातीच्या पेशींचं असतं, आणि ॲस्बेस्टॉसमुळे होणारा मेसोथेलिओमा हा कर्करोग तिथेच होतो. लांब नलिका टोचल्यावर ॲस्बेस्टॉससारखाच दाह झाला, दाहाच्या (कर्करोगाच्या नव्हे) गाठी आल्या. आखूड आणि गुंतलेल्या नलिकांनी तसं झालं नाही. कार्बन दोन्हीकडे तोच! म्हणून 'कार्बनच तर आहे' असा युक्तिवाद कुणी केला, तरी तो इथे टिकत नाही. शरीरातली भक्षक पेशी धूळकण गिळून साफ करते. 20 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांबीची ताठ नलिका तिच्या पोटात मावत नाही. अर्धवट गिळलेल्या अवस्थेत ती अडकते, आतली दाहक रसायनं बाहेर सांडत राहतात, आणि नलिका काही विरघळत नाही. सुईला तुमची हरकत असेल, तर जपानमधला 2016 चा प्रयोग पाहा. उंदरांनी एमडब्ल्यूएनटी-7 ची धूळ दिवसाला 6 तास, आठवड्यातले 5 दिवस, अशी 104 आठवडे श्वासातून घेतली. त्यांच्या फुप्फुसात कर्करोग झाले. मेसोथेलिओमा झाला नाही, तेही सांगायला हवं.

राहता राहिला 'एकही माणूस नाही' हा मुद्दा. याच मुद्द्यावर माझा जीव तुटतो. मेसोथेलिओमा दिसायला 30-40 वर्षं लागतात, आणि या नलिकांचा मोठा वापर सुरू होऊन अजून तेवढा काळ लोटलेलाच नाही. ॲस्बेस्टॉसच्या धुळीतल्या काचेसारख्या धारदार कणांबद्दल ब्रिटनच्या कारखाना निरीक्षक लुसी डीन यांनी 1898 मध्ये लिहिलं होतं. ब्रिटनमध्ये पूर्ण बंदी आली 1999 मध्ये. आपल्याकडे त्याचे पत्रे अजून बनतात. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान 40 वर्षं जपायला सांगितलं, ते आजार इतका काळ दबा धरून बसतो म्हणूनच.

नॅनोट्यूब हाताळणाऱ्या विद्यार्थ्याची अशी नोंद कोण ठेवतं? मी ज्या प्रयोगशाळेत होतो तिथे ही भुकटी चालू पंख्याखाली, उघड्या काट्यावर तोलत असत. मीही तोलली. संध्याकाळी नाक शिंकरलं की रुमालावर काळं यायचं. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने 2013 मध्ये सुचवलेली मर्यादा आहे घनमीटर हवेत 1 मायक्रोग्रॅम, 8 तासांची सरासरी. इतकी सूक्ष्म धूळ डोळ्यांना दिसतही नाही.

मुलीला काम सोडायला सांगू नका. तिला एवढं विचारा: भुकटी तोलताना फ्यूम हूड (हवा बाहेर ओढून घेणारं कपाट) किंवा बंद पेटी वापरतेस का? द्रवात मिसळून आलेल्या नलिका मागवता येतील का? टेबल कोरड्या फडक्याने झटकता की ओल्या कपड्याने पुसता? मास्क साधा कापडी आहे की हवेतले सूक्ष्म कण गाळणारा, चेहऱ्याला घट्ट बसणारा? आणि कोणत्या नलिका, किती, कोणत्या तारखेला हाताळल्या, हे तिने स्वतःच्या वहीत लिहून ठेवावं. प्रयोगशाळेच्या नव्हे, स्वतःच्या. तिची उत्तरं इथे कळवलीत तर मी पुढचा लेख त्यांवरच लिहीन.