लॅमिनेट केलेली दिलगिरी

आमच्या बिल्डिंगची लिफ्ट आज परत बंद. ते ठीक आहे, मशीन आहे, बंद पडणारच. माझं डोकं फिरलं ते दारावरच्या पाटीने. ‘लिफ्ट अंडर मेंटेनन्स. इनकन्व्हिनियन्स कॉज्ड इज डीपली रिग्रेटेड.’ आणि ही पाटी चक्क लॅमिनेट केलेली आहे! वरच्या दोन कोपऱ्यांना भोकं पाडून सुतळी ओवलीय. म्हणजे लिफ्ट बंद पडली की अडकवायची, सुरू झाली की मीटरच्या खोलीत खिळ्याला टांगून ठेवायची. ‘डीपली रिग्रेटेड’ला प्लास्टिकचं कव्हर, पुढच्या वेळीही उपयोगी पडावं म्हणून!

दोन पिशव्या घेऊन चार मजले चढून आलेय आणि चहासुद्धा न घेता लिहायला बसलेय. भाषा तिखट लागली तर लागू दे, मी दिलगीर वगैरे नाहीये.

हे वाक्य आता कुठे नाही सांगा. रस्ता खोदला की बॅरिकेडवर तेच. एटीएममध्ये पैसे नाहीत, तेच. लॅबचा रिपोर्ट दोन दिवस लांबला, मेसेजच्या शेवटी तेच. मराठीत ‘होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत’, हिंदीत ‘असुविधा के लिए खेद है’. तिन्ही भाषांत एकच गोष्ट कुणी सांगत नाही: झालंय काय, बघतंय कोण, आणि कधीपर्यंत?

मला आईचा बँकेतला दिवस आठवतो. बाबा टपाल खात्यात होते, आईला फॅमिली पेन्शन आहे. हयातीचा दाखला एरवी नोव्हेंबरात द्यायचा, पण ऐंशीच्या पुढच्यांना 1 ऑक्टोबरपासूनच देता येतो, गर्दी टळावी म्हणून. चांगली सोय आहे, नाही म्हणत नाही. म्हणून आम्ही ऑक्टोबरातच गेलो. आई त्र्याऐंशीची, गुडघ्याला पट्टा, हातात पेन्शनचं पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं. काउंटरच्या काचेवर कागद चिकटवलेला: ‘सर्व्हर डाऊन. इनकन्व्हिनियन्स रिग्रेटेड.’ काचेमागे माणूस बसलेला आहे, तो मान वर करत नाही. विचारलं, तर त्याने पेनाचं टोक त्या कागदाकडे केलं. बोललाच नाही! त्याच्या वतीने कागद बोलला होता ना.

या वाक्याचा खरा धंदा हाच आहे. माफी मागायला नाही, प्रश्न थांबवायला ते लावलेलं असतं. एकदा ‘रिग्रेटेड’ म्हटलं की पुढे विचारणारा आपोआप कटकट्या ठरतो. ‘मॅडम, लिहिलंय ना?’ आणि रिग्रेटेड कुणी? शाळेत पॅसिव्ह व्हॉइसमध्ये ‘बाय’ विसरलं की आमच्या बाई अर्धा मार्क कापायच्या. इथे तर सगळा देश ‘बाय’ गाळून पास होतोय.

रेल्वेचं नाव घेतल्याशिवाय आम्हा डोंबिवलीकरांची पोस्ट पूर्ण होत नाही. ‘काही तांत्रिक कारणांमुळे’ गाडी उशिराने धावत आहे आणि आम्ही दिलगीर आहोत. निवेदन करणाऱ्यांचा यात काही दोष नाही, हे मान्य. आणि एक गोष्ट नाइलाजाने कबूल करते: रविवारच्या मेगाब्लॉकची सूचना मात्र चोख असते. कुठल्या स्टेशनपासून कुठल्या स्टेशनपर्यंत, धीमा मार्ग की जलद, किती वाजता सुरू, किती वाजता संपणार, गाड्या कुठून वळवणार. शेवटी तीच दिलगिरी असते, पण तिथे ती खटकत नाही, कारण माझा रविवार कसा जाणार ते आधीच कळलेलं असतं. म्हणजे यांना सांगता येतं! फक्त सोमवारी सकाळी 8 वाजता येत नाही.

आता कुणीतरी जपान आणणारच, म्हणून मीच आणते. 2017 साली टोकियोजवळच्या त्सुकुबा एक्स्प्रेसची गाडी एका स्टेशनवरून 20 सेकंद आधी सुटली आणि कंपनीने माफी मागितली. सगळे ते 20 सेकंद ऐकून हसतात. मला त्यात आवडलं ते वेगळंच. कुठलं स्टेशन, किती वाजता सुटायची होती, किती वाजता सुटली आणि चूक कशी झाली, हे सगळं त्यांनी लिहिलं होतं. आमच्या लिफ्टच्या पाटीवर तर तारीखही नाही.

बँकेतल्या त्या दिवसाचं अर्धंच सांगितलं. आई बाकावर बसली होती, मी काचेसमोर धुमसत होते. तेवढ्यात तिथला शिपाई आला, आईला पाणी दिलं आणि म्हणाला, “आजी, लाइन तुटलीय, आज काय होईलसं वाटत नाही. उगाच बसू नका. ताई, नंबर द्या, सुरू झालं की मी फोन करतो.” सॉरी नाही, खेद नाही, काही नाही. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास खरंच फोन आला. गेलो, तर आईच्या बोटांचे ठसे उमटेनात. आयुष्यभर भांडी घासून रेषा राहिल्यात कुठे? त्यानेच आईची बोटं ओल्या फडक्याने पुसली, एकेक करून मशीनवर ठेवून बघितली. डाव्या हाताचं मधलं बोट लागलं तेव्हा आईपेक्षा त्यालाच जास्त आनंद झाला. हयातीचा दाखला 2021 पासून मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतो म्हणे. होऊ दे, चांगलंच आहे. पण तो माणूस त्या ॲपमध्ये नाही.

असो. राग जरा उतरला होता, तर ही दुसरी गोष्ट आठवली. हे वाक्य आता घरात शिरलंय. वरच्या मजल्यावरचे ड्रिलिंग करतात, ग्रुपवर ‘सॉरी फॉर द इनकन्व्हिनियन्स’ आणि हात जोडलेली इमोजी. दुपारी दोनला कशाला करता, यावर उत्तर नाही. आणि परवा माझ्या भाच्याने आईला, म्हणजे सख्ख्या आजीला मेसेज टाकला: ‘रविवारी यायला जमणार नाही, सॉरी फॉर द इनकन्व्हिनियन्स.’ मी वाचून दाखवला. आई म्हणाली, “माझी कसली गैरसोय? मी काय प्लॅटफॉर्मवर उभी आहे?” तिने त्याच्यासाठी साटोऱ्या करून ठेवल्या होत्या. पोरगा वाईट नाही हो. दिवसभर ऑफिसात हेच टाइप करतो, बोटांना सवय झालीय. पण “आजी, कामात अडकलोय गं, पुढच्या रविवारी येतो” एवढं लिहायला कितीसा वेळ लागतो?

माणसं कमी आहेत, कामं जास्त आहेत, सगळ्यांना सगळं समजावत बसायला वेळ नाही, हेही मला कळतं. बरं, कळलं. तरी लिफ्टवाल्याचा नंबर आणि ‘उद्या संध्याकाळपर्यंत’ हे लिहायला ‘डीपली रिग्रेटेड’पेक्षा जास्त शाई लागत नाही.

आणि हे काही माझं खूळ नाही, आपल्याकडे कायदाच आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015. त्यात येणाऱ्या दाखल्यांसाठी आणि सेवांसाठी किती दिवस, कुठला अधिकारी, अपील कुणाकडे, हे ऑफिसातल्या फलकावर लावावं लागतं. अर्ज दिला की मुदत लिहिलेली पोच द्यावी लागते. विनाकारण टाळाटाळ केली तर अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. कोण आणि कधीपर्यंत, दोन्ही आलं की नाही?

उद्या लेकीच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी जायचंय. तारीख घातलेली पोच घेतल्याशिवाय मी खिडकीसमोरून हलणार नाही. मागे रांगेत कुणी ओळखीचं असेल तर आधीच सांगून ठेवते, वेळ लागेल, डबा घेऊन या.