झेंडा, कॅमेरे आणि दोन मुलं

ब्रिटनची राजकुमारी डायना गेल्यावर राणी एलिझाबेथ लगेच लंडनला आली नाही, म्हणून ती कोरड्या काळजाची होती, असं एका लेखात वाचलं; ते काही पटलं नाही. 31 ऑगस्ट 1997 ला अपघात झाला तेव्हा डायनाची मुलं, 15 वर्षांचा विल्यम आणि 12 वर्षांचा हॅरी, राणीजवळच, स्कॉटलंडमध्ये बालमोरलला होते. आई गेलेल्या नातवंडांपाशी थांबायचं, की राजवाड्याबाहेरच्या गर्दीला तोंड दाखवायला धावायचं? पण वर्तमानपत्रांना बकिंगहॅम पॅलेसवर अर्ध्यावर उतरवलेला झेंडा हवा होता. (राणी तिथे असेल तरच राजध्वज लागायचा आणि तो कधीच अर्ध्यावर येत नाही. पण ऐकतो कोण!) शेवटी 5 सप्टेंबरला तिला टीव्हीवर बोलावंच लागलं. दुसऱ्या दिवशी ती दोन मुलं जगभरच्या कॅमेऱ्यांसमोर शवपेटीमागून चालली. कुठल्याच मुलाला असं करायला सांगू नये, असं हॅरी पुढे म्हणाला.

आणि ब्रिटिशांना हसायला नको. 2021 मध्ये अभिनेत्री मंदिरा बेदीने नवऱ्याला स्वतः खांदा दिला, अंत्यविधी केले. आपल्या लोकांना दिसली ती फक्त तिची जीन्स.