व्होल्वोच्या आधीही ही शर्यत होतीच

'शिडाच्या नौकांची जगप्रदक्षिणेची शर्यत व्होल्वोने सुरू केली आणि भारताचे दर्यावर्दी अभिलाष टॉमी तिच्यात दुसरे आले,' असा मजकूर फिरतो आहे. दोन्ही विधानं चूक.

ही शर्यत १९७३ साली पोर्ट्समथहून निघाली, ती व्हिटब्रेड या ब्रिटिश बिअर कंपनीच्या पाठबळावर. जिंकली मेक्सिकोच्या रामोन कार्लिन यांची 'सायुला-२'. दर्यावर्दी म्हणून त्यांना तोवर फारसं कोण ओळखत होतं! त्याच फेरीत तीन खलाशी प्राणाला मुकले. व्होल्वोचं नाव लागलं ते २००१-०२च्या फेरीपासून. त्याच काळात, २००८ मध्ये, नौका कोचीला थांबल्या. आता ती नुसती 'द ओशन रेस'.

टॉमी २०२३ मध्ये दुसरे आले ते 'गोल्डन ग्लोब'मध्ये. ती शर्यतच वेगळी: नौकेवर एकटाच माणूस, तोही जीपीएसविना.